चौदा तारखेच्या हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (मोहिमा व पुरवठा),
भूगर्भ व वन्यप्राणी संशोधन संस्था,
जिल्हा कार्यालय, उस्त-ईचून.

अर्जदार : उल्याना सावेल्येव्ना चेर्कानोवा, वय ६१, स्वयंपाकीण व तळरक्षक, तिग्लान संशोधन तळ. मूळ राहणार ओर्नाचान.

विषय : मी न दिलेली हिवाळी मुक्कामाची संमती रद्द करून मला दि. १४ ऑक्टोबरच्या फेरीने आईकडे ओर्नाचानला जाऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) माझे दि. २६ सप्टेंबर व दि. १ ऑक्टोबरचे अर्ज. २) आपले रेडिओपत्र क्र. ११८, दि. ७ ऑक्टोबर १९७४.

महोदय,

१. आपले वरील पत्र आपल्या कार्यालयातल्या रेडिओवाल्या झिनाईदाने मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा वाटले, माझेच कान गेले. म्हणून परत वाचायला लावले. माझे आधीचे दोन्ही अर्ज रेडिओवरून सांगितलेले असल्याने त्यांवर शाईची सही नाही, सबब ते विचारात घेता येत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. सही रेडिओवरून जात नाही, हे मान्य. म्हणून हा तिसरा अर्ज कागदावर, शाईने लिहीत आहे. तो चौदा तारखेच्या हेलिकॉप्टरने आपल्या टेबलावर पोचेल. थोडक्यात, अर्ज येऊ शकतो, अर्जदार येऊ शकत नाही. तोवर त्याची नक्कल झिनाईदा आजच उतरून घेणार आहे, ती तरी कृपा करून वाचावी.

२. मी कोण, हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. गेली एकोणीस वर्षे मी मे महिन्यात तळावर येते आणि सप्टेंबरच्या शेवटच्या फेरीने घरी जाते. मधल्या काळात संस्थेच्या विद्वानांना जेवू घालते, चूल आणि कोठार सांभाळते. विज्ञानाविरुद्ध माझी काडीचीही तक्रार नाही. भूगर्भवाले रोस्तिस्लाव पेत्रोविच ग्रोमिलोव दिवसभर डोंगर फोडतात, तुकडा जिभेला लावून बघतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वर चिठ्ठी चिकटवतात. एकदा मी नुसते विचारले, ‘‘मीठ देऊ का सोबत?’’ तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. प्राणीवाल्या तमारा इओसिफोव्ना कड्यावरच्या रानमेंढ्या दुर्बिणीतून मोजतात आणि त्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधतात. पट्टा बांधताना मेंढीची मान मीच धरते, कारण माझ्या हाताखाली जनावर धडपडत नाही. दोन्ही माणसे चांगली आहेत. त्यांच्यामुळे मी अडकले असे मी म्हणत नाही.

३. अडकले ती अशी. दि. २० सप्टेंबरला सकाळच्या रेडिओवर झिनाईदाने विचारले, ‘‘काकू, सोमवारच्या फेरीत तुमचं नाव घालू ना? जाणार ना तुम्ही?’’ त्यावर मी म्हणाले, ‘‘मी कुठे जातेय बाई? माझं इथेच छान चाललंय.’’ हे मी म्हणाले, ते नाकबूल करत नाही. पण म्हणाले तेव्हा मी कुठे बसले होते, हे कुणी नोंदवलेले नाही. मी माझ्या बांधलेल्या गाठोड्यावर बसले होते.

आमच्या एवेन लोकांत निघणारा माणूस ‘निघतो’ म्हणत नाही. वाट ऐकते, आणि ऐकले की आडवी येते. माझे वडील पायात बूट, खांद्यावर बंदूक, दारात जुंपलेले रेनडिअर, अशा थाटात उभे राहून म्हणायचे, ‘‘छे, कुठे जातोय, जरा हवा बघतोय.’’ आणि तीन आठवड्यांनी परत यायचे. लहान पोरालाही हे कळते. आपल्या कार्यालयात अठरा वर्षे रेडिओवर सेम्यॉन किरील्लिच होते. त्यांची बायको आमच्या गावची. ते दर सप्टेंबरला मला हेच विचारायचे, मी हेच उत्तर द्यायचे, आणि ते हसून माझे नाव यादीत घालायचे. यंदा जूनमध्ये ते निवृत्त झाले. झिनाईदा दक्षिणेकडच्या मोठ्या शहरातून आलेली. तिने ऐकले ते लिहिले : ‘कर्मचारी स्वेच्छेने हिवाळी मुक्कामास राहते.’ पुढे तिला सगळे समजले तेव्हा पोर रेडिओवरच रडली. तिच्यावर कारवाई करू नये, ही या अर्जातली एक पोटविनंती समजावी. चूक माझी आहे. नव्या माणसाशी जुन्या सवयीने बोलले.

४. दि. २३ ला हेलिकॉप्टर आले, तेव्हा यादीत माझे नाव नव्हते. माझ्या जागेवर ग्रोमिलोवसाहेबांचे दगड चढले, एकंदर तीनशे बारा किलो. मी पायलटला म्हटले, यातली एक पेटी उतरव आणि मला घे. तो म्हणाला, ‘‘आजी, दगडाला पावती आहे, तुम्हाला नाही.’’ ग्रोमिलोवसाहेब ओशाळून म्हणाले, हे दगड नऊ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, फार मोलाचे आहेत. असतील. पण महोदय, जो दगड नऊ कोटी वर्षे थांबला, तो आणखी तीन आठवडे थांबला असता तर त्याचे काय बिघडणार होते? माझ्या आईचे वय सत्त्याऐंशी आहे.

५. त्यानंतर आपल्या कार्यालयाने मला जे नियम कळवले, ते मला समजले तसे लिहिते. हिवाळी मुक्कामाचा कर्मचारी बदली माणूस आल्याशिवाय तळ सोडू शकत नाही. बदली माणूस पद रिकामे असल्याशिवाय नेमता येत नाही. आणि पद रिकामे होण्यासाठी मी तळ सोडला पाहिजे. हे मी चुलीपाशी बसून तीनदा मनात फिरवून पाहिले, तिन्ही वेळा चुलीपाशीच आले. आजारपणाची सवलत आहे म्हणता, पण ती कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारपणाला, आणि मला काही झालेले नाही. त्याबद्दल दिलगीर आहे. तमाराबाईंनी ‘‘मी राहते यांच्या जागी’’ असे कळवले, तर त्यांच्याकडे चूल व रॉकेल हाताळण्याचे प्रमाणपत्र नाही, असे उत्तर आले. बाई डॉक्टरेट आहेत.

पायी जावे, तर ओर्नाचान इथून शहाण्णव किलोमीटर. मध्ये ईचून नदी. ती आत्ता बर्फाचा चिखल वाहून नेते आहे. होडी चालत नाही आणि घसरगाडीही चालत नाही. डिसेंबर उजाडल्याशिवाय ती माणसाचे वजन घेणार नाही.

६. आता मुख्य गोष्ट. माझी आई, येव्दोकिया चेर्कानोवा, हिने दि. २८ सप्टेंबरपासून खाणे सोडले आहे. गावच्या नर्सची तार आपल्याकडे आहे. त्यावर आपण खात्री करण्यासाठी गावच्या सचिवाला तिच्याकडे पाठवलेत. नवा माणूस, गेल्या वर्षीच बदलून आलेला. तो खुर्चीवर बसला, वही उघडली आणि त्याने विचारले, आजी, तब्येत कशी आहे? आईने त्याला जे सांगितले ते आपण आपल्या पत्रात जसेच्या तसे दिले आहे : ‘‘मी कुठे जातेय? मी आहे इथेच. उल्यानाला म्हणावं, निवांत काम कर.’’ आणि त्याखाली आपला निष्कर्ष : ‘रुग्ण स्वतः प्रकृती स्थिर असल्याचे सांगते. तातडी दिसून येत नाही.’

महोदय, परिच्छेद ३ कृपया पुन्हा वाचावा.

माझी आई निघाली आहे. तिचे गाठोडे बांधून झाले आहे. आईचे ते वाक्य झिनाईदा वाचत होती आणि माझ्या हातातला डाव खाली पडला. शिकल्यासवरल्या माणसांच्या तीन टेबलांवरून ते वाक्य गेले, तिघांनी त्यावर शिक्के मारले, आणि एकालाही कळले नाही की म्हातारी निरोप घेते आहे. मला राग येतो आहे, हे मी लपवत नाही. अर्जात राग लिहू नये असे तमाराबाई म्हणतात.

७. नियमाबाहेर काही मागू नये, म्हणून नियमातच बसेल असे मागते. संस्थेच्या पुस्तकाप्रमाणे इथून हेलिकॉप्टरने तीन गोष्टी नेता येतात : यादीतली माणसे, खडकांचे नमुने आणि पट्टा बांधलेली आजारी जनावरे. माणूस म्हणून मी जाऊ शकत नाही, हे ठरलेच आहे. सबब मला खडकाचा नमुना म्हणून नोंदवावे. ज्या काट्यावर दगड तोलले त्याच काट्यावर माझे वजन सत्तावन्न किलो भरले. मी फुटणारी नाही, वर्तमानपत्रात गुंडाळली तरी हरकत नाही, आणि कुणी जीभ लावून बघितली तरी चालेल.

ते जमत नसेल, तर जनावर म्हणून नोंदवावे. सतरा नंबरच्या मेंढीचा जबडा सुजला, तमाराबाईंनी तार केली, आणि चार तासांत तिच्यासाठी चौदा तारखेचे हेलिकॉप्टर मंजूर झाले. मेंढीने अर्ज केला नव्हता. मेंढीकडे सही मागितली नाही. तिची आई कुठे आहे, कशी आहे, कुणी विचारले नाही. माझ्या नोंदीसाठी माहिती : मादी, वय एकसष्ट, दात एकोणीस, स्वभाव सध्या वाईट. पट्ट्याला मी मान देईन.

हा परिच्छेद वाचून तमाराबाई म्हणाल्या, ‘‘मावशी, हे खोडा हो. ते म्हणतील चेष्टा करताय.’’ मी म्हटले, ‘‘पोरी, साधं लिहून दोनदा पाहिलं. आता राहू दे.’’

८. इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे कळवणे भाग आहे. सतरा नंबर बरी होते आहे. काल दुपारी तिचे गळू आपोआप फुटले आणि तिने माझ्या हातून दोन मुठी वाळका पाला खाल्ला. तिला गेले नऊ दिवस मीच भरवते आहे, गरम पाण्याने जबडा शेकते आहे. काय करणार होते? जनावर तोंडाकडे बघते. मेंढी बरी झाली तर हेलिकॉप्टर येणार नाही, हे मला ठाऊक होते, आणि तरी हात थांबला नाही.

संध्याकाळच्या रेडिओवर तिची प्रकृती कळवायची होती. तमाराबाई पेन्सिल घेऊन कितीतरी वेळ बसून राहिल्या. आयुष्यात त्यांनी एक आकडा खोटा लिहिलेला नाही. मेंढी दोनदा मोजली गेल्याची शंका आली तर सबंध कडा पुन्हा चढतात. काल त्या मला म्हणाल्या, ‘‘मावशी, ‘सुधारणा नाही’ असं लिहू का? तुम्ही फक्त हो म्हणा.’’ मी हो म्हणाले असते तर आज हा अर्ज इतका लांबला नसता. पण त्यांचे तोंड बघवेना. मी म्हटले, ‘‘खरं काय ते लिही. त्या मुक्या जिवाच्या नावावर खोटं कशाला?’’ त्यांनी ‘सुधारणा’ असे कळवले आणि मग मोरीत जाऊन रडल्या. आज सकाळी झिनाईदाने सांगितले की चौदा तारखेची फेरी ‘फेरविचाराधीन’ आहे.

९. फेरी आली, तर मी हेलिकॉप्टरमध्ये बसलेली असेन, हे आपल्याला आधीच कळवते. उतरवायला दोन माणसे लागतील, आणि पायलटची कंबर धरलेली असते. माझ्यावर जी कारवाई करायची ती ओर्नाचानला आईच्या घरी येऊन करावी. फक्त येणाऱ्याने आत मोठ्याने बोलू नये.

फेरी आली नाही, तर माझी एकच मागणी आहे. तिला जागा लागत नाही, वजन लागत नाही, बदली माणूस लागत नाही. दि. १४ रोजी संध्याकाळी झिनाईदाने ओर्नाचानच्या नर्सचा रेडिओ आमच्या तळाशी जोडून द्यावा आणि नर्सने तो आईच्या उशाशी न्यावा. सरकारी रेडिओवर घरगुती बोलायला मनाई आहे, ते मला माहीत आहे. मला तीन मिनिटेही नकोत.

‘थांब’ असे मी तिला म्हणणार नाही. म्हटले तर ती थांबेल, माझ्यासाठी डिसेंबरपर्यंत तशीच उपाशी पडून राहील, इतकी ती हट्टी आहे. आमच्यात निघालेल्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही, तोंडातून काढत नाहीत तो शब्द. मी तो काढणार आहे. माझ्याशिवाय तिला म्हणणारे दुसरे कुणी उरलेले नाही. एवढी परवानगी द्यावी.

आपली अडकून पडलेली,
(सही) उल्याना चेर्कानोवा
तिग्लान तळ, दि. ११ ऑक्टोबर १९७४

सोबत :
१. दि. २३ सप्टेंबरच्या दगडांच्या वजनाची पावती (नक्कल).
२. माझ्या वजनाची चिठ्ठी, तमारा इओसिफोव्ना यांच्या सहीची.
३. नर्ससाठी सूचना : आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्या कानाशी धरावे.