परवाचं तिकीट

प्रिय ताई,

"हिला काल नि उद्या यातला फरक कळत नाही, हिच्या लग्नात आपण आदल्या दिवशीच जेवून घेऊ," असं मी पहिलीत असताना तू सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली होतीस. आता मला पगार मिळतो तो नेमका याच फरकाचा, आणि गेल्या आठवड्यात तोही धोक्यात आला होता. असो. आधी नमस्कार. (वाकून केला असं समज. घरी आणलेली ऑफिसची खुर्ची चाकांची आहे, खरोखर वाकले तर टेबलाखाली जाईन.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला? इथे आई ठीक आहे, गुडघे सोडून. मीही ठीक आहे, तुझा मेसेज वाचल्यापासूनची धडधड सोडून. "आईचं तिकीट परवाचं. फोटो जोडलाय." एवढंच. आई आता कायमची तुझ्याकडे परदेशात येणार हे ठरलेलं होतं (तू ठरवलंस, मी फोनवर हं हं केलं), पण परवा?

मी इतकी का घाबरले हे कळायला ऑफिसची हकिगत सांगावी लागेल. आम्ही देशोदेशीच्या दातांच्या दवाखान्यांतर्फे पेशंटना तारखेची आठवण पाठवतो. नोंदी इतक्या की एका मशीनला झेपत नाहीत, म्हणून काम अनेक मशीनना वाटून दिलेलं असतं, आणि ती मशीन वेगवेगळ्या गावांत बसलेली असतात. पेशंटच्या नोंदीत नुसती तारीख असते. पण मशीनला नुसती तारीख सोसवत नाही, ते तिला मध्यरात्रीची वेळ चिकटवतं. मग दुसरं मशीन ती वेळ आपल्या गावच्या घड्याळात बसवतं, तिथे अजून आदली संध्याकाळ असते, आणि तारीख गुपचूप एक दिवस मागे सरकते. त्यामुळे अर्धे लोक आदल्या दिवशीच तोंड उघडून हजर, अर्धे बरोबर. सगळेच चुकले असते तर निदान लगेच कळलं असतं.

चूक मी शोधली. तारखेला वेळ चिकटवायचीच नाही, आणि जिथे वेळ लागेल तिथे सगळ्या मशीननी एकच घड्याळ पाळायचं, असं केलं. मग फक्त दिलगिरीचे मेसेज राहिले होते. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, त्यांना आम्ही 'अहोजाहो' म्हणतो, कारण ते प्रिंटरलाही "अहो, चालू व्हा ना" म्हणतात. त्यांना मी जाता जाता म्हटलं, परवाच्या पेशंटना तेवढे दिलगिरीचे पाठवा. मला गेलेलं परवा म्हणायचं होतं. त्यांनी येणारं घेतलं. ज्यांची तारीख अजून उजाडायचीच होती त्या सगळ्यांना आम्ही कळवलं, की तुमची तारीख होऊन गेली, क्षमस्व. एक बाई गाल धरून दवाखान्यात आल्या आणि आज वार कोणता यावरून डॉक्टरांशी भांडल्या म्हणे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून शांतपणे विचारलं, की आपल्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे हे मला आधी माहीत नव्हतं का. (मी त्याचंही उत्तर 'हं' असंच दिलं.) नोकरी वाचली, पण ऑफिसात 'परवा' शब्दावर बंदी आली. फळ्यावर 'परवा म्हणू नये' असं लिहिलंय, आणि त्याखाली कुणीतरी 'आम्हाला पर्वा नाही'.

या सगळ्या धावपळीत तुझा मेसेज मी उशिरा वाचला. म्हणजे तू लिहिलास तेव्हा तुझ्याकडे एक वार, माझ्याकडे दुसरा, आणि मी वाचला तेव्हा तिसराच. तुझं परवा कुठून मोजायचं? आज निघायचं की उद्या? फोटो उघडेना. फोन करावा तर तुझी झोपायची वेळ. मी आईला वाचून दाखवलं. ती मोज्यांच्या जोड्या लावून ठेवत होती, वर न बघता म्हणाली, "कुठलं परवा? गेलेलं की यायचं?"

ताई, क्षणभर मला वाटलं, गेलेलंच असू दे. विमान गेलं, आई राहिली.

मग मात्र मी बॅग काढली, तिच्या गोळ्या भरल्या, आणि 'सगळं छान होईल' हे वाक्य इतक्यांदा म्हटलं की शेवटी आईनेच मला पाणी आणून दिलं. छानच होईल. तुझ्याकडे लिफ्ट आहे, ऊन आहे, भावोजी घरी असतात. माझी काही तक्रार नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. फोटो आत्ता उघडला. तारीख पुढच्या महिन्याची आहे. परवाचं म्हणजे तू ते परवा *काढलंस*! आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग ती बॅग आत ठेव, पायात येते."

ता. क. २. वर तक्रार नाही म्हटलं ते खोडायचं राहिलं. संध्याकाळी मी कुलूप उघडते तेव्हा आई आतून विचारते, "कोण?" किल्ली माझ्याशिवाय कुणाकडे नसते हे तिला ठाऊक आहे, तरी विचारते. आणि मी म्हणते, "मी." दिवसभरात तेवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर मला नक्की येतं. ते तिकीट रद्द कर. तू नाही म्हणशील, गुडघ्यांचं काढशील, आणि तुझं बरोबरच असेल. तरी रद्द कर.