पंखाखालची बावीस मिनिटं

विचिटा, कॅन्सस
१२ नोव्हेंबर

आदरणीय व्हर्लिनभावोजी यांना,

मेहुण्याचा, म्हणजे डेल्बर्टचा, मनापासून नमस्कार. (पाकीट न उघडताच फाडायचं ठरवलं असेल तर लोरीनताईकडे द्या. तिला माझी पत्रं फाडायचा सराव झालाय.) गुडघा कसा आहे? जिने चढू नका, आणि ताईने सांगितलं तरी छपरावरची पानं काढायला जाऊ नका. मी बरा आहे. म्हणजे नोकरीवर आहे. आपल्या विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये हल्ली याला बरं असणं म्हणतात.

तुम्हाला काढलं त्याला सात महिने झाले. एकतीस वर्षं विमानांची पोटं उघडून बसलेल्या माणसाला कंपनीने निरोपाचा केक दिला, आणि त्यावर नावही चुकवून लिहिलं, 'आभारी आहोत, व्हर्नन'! त्या केकला मी तोंडही लावलं नाही. (एकच तुकडा, कडेचा.) तुम्ही कुणाशी न बोलता गेलात, हत्यारांची पेटी तशीच ठेवून. ती मी रोज पुसतो. पेटीवर कुणी कॉफीचा कप ठेवला तर मी कप टाकून देतो, कॉफीसकट.

या सगळ्याला कारण ते शिकागोचे सल्लागार. कंपनीत बदल घडवायला तिघं आले, तेव्हा त्यांच्या पिवळ्या जाकिटांवरच्या घड्याही मोडल्या नव्हत्या. त्यांची म्होरकी ती ब्रिन कॅलोवे, वय सत्तावीस, बोलणं इतकं गोड की आपली नोकरी गेली हे माणसाला पार्किंगमध्ये पोचल्यावर कळायचं. पंखाला आतून कधी हात लावला नव्हता, पण बदल कसा करावा हे तिला पाठ होतं. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि प्रत्येक शिफ्टमधून एक 'बदलदूत' नेमला. आमच्यातून मला. (निळं जाकीट मिळालं. मी मागितलं नव्हतं. माप तेवढं सांगितलं होतं.)

मग स्टॉपवॉच आलं. रोज दुपारी अडीचला पाळी बदलताना दोन्ही शिफ्टची माणसं कॉफी घेऊन डाव्या पंखाखाली बावीस मिनिटं उभी राहतात, हे तिच्या डोळ्यांत खुपलं. तुम्ही मधे उभे राहून एकेकाला विचारायचात, "बोल, काय अर्धवट ठेवलंस?" आणि सुरुवात नेहमी माझ्यापासून. मग कुणी म्हणायचा, मागच्या फळीचे अकरा स्क्रू बसलेत, उरलेले चार माझ्या खिशात आहेत, हे घे. हे तिला काय कळणार? तिने विचारलं, ही मंडळी इथे करतात काय? आणि कुणा नतद्रष्टाने सांगितलं, "काही नाही हो, गप्पा मारतात." त्याच्या जिभेला हाड नाही! दुसऱ्याच दिवशी पडद्यावर आकडे झळकले. बावीस मिनिटं, एकशेचाळीस माणसं, वर्षाचे इतके दिवस. म्हणे या गप्पांत एक अख्खं विमान वाया जातं. गप्पा बंद झाल्या, आणि गप्पांचा मुख्य म्हणून तुम्ही जादा ठरलात.

त्या जागी टॅबलेट आला. त्यात प्रत्येक कामापुढे दोन चौकोन, 'झाले' आणि 'झाले नाही'. अर्धवटाला चौकोनच नाही. 'झाले नाही' दाबलं की भिंतीवरच्या फलकावर आपली शिफ्ट लाल होते, आणि बदलदूताची शिफ्ट लाल झालेली शोभत नाही. ऑगस्टमध्ये डाव्या इंजिनाच्या झाकणाच्या चारपैकी दोन कड्या लावल्या, तेवढ्यात मला मीटिंगला बोलावलं. (विषय: कामात एकाग्रता.) जाता जाता मी 'झाले' दाबलं. पुढच्या शिफ्टने फलक हिरवा बघितला आणि विमान बाहेर काढलं. सकाळी वैमानिकबाई विमानाभोवती फेरी मारायला गेल्या नसत्या, तर ते झाकण एकशेबारा माणसांसमोर हवेत उडालं असतं. तेव्हापासून मला धड झोप लागलेली नाही. मला तीन दिवस घरी बसवलं आणि निळं जाकीट काढून घेतलं.

सल्लागार परत आले. दोन महिने तपास करून त्यांनी उपाय शोधला: 'प्रत्यक्ष हस्तांतर संवाद'. दोन्ही शिफ्टनी समोरासमोर उभं राहायचं. बावीस मिनिटं. डाव्या पंखाखाली. कॉफी कंपनीची. हे सांगताना ब्रिनबाईंचा चेहरा आगीचा शोध लागल्यासारखा उजळला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगता कुणाला?

ताईला नमस्कार. कुत्र्यालाही, तो तरी अजून मला ओळखत असेल.

तुमचा,
डेल्बर्ट

ता. क. हा संवाद चालवायला अनुभवी माणूस हवाय, आणि हँगरमधले सगळे अनुभवी त्यांनीच काढलेत. ब्रिनबाईंनी विचारलं, पूर्वी हे कोण करायचं? मी तुमचं नाव दिलं. बाहेरचे सल्लागार म्हणून या. (जाकीट पिवळं आहे. तुमचं माप मी सांगितलंय.)

ता. क. २. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मी आलो तर ताई दार उघडेल का? भोपळ्याची गोड पाई आणीन, बाहेर उभा राहूनही खाईन.

ता. क. ३. वर ज्या नतद्रष्टाला शिव्या घातल्यात, तो मी. तिने मलाच विचारलं होतं. नवं जाकीट अंगात होतं, बाई हसून बघत होती, आणि तोंडून निघून गेलं, "गप्पा मारतात." पुढे काय होईल हे कळलं नव्हतं, असं लिहिणार होतो, पण पडद्यावर आकडे आले तेव्हा कळलं होतं आणि तरी मी गप्प बसलो. ताईलाही हे माहीत नाही. तिला वाटतं, मी नुसताच काठावर उभा राहिलो. हे वाचून आला नाहीत तरी चालेल. आलात, तर पहिल्या दिवशी पंखाखाली सगळ्यांसमोर सुरुवात माझ्यापासूनच करा. काय अर्धवट ठेवलंस ते विचारा. मी सांगेन.