उपाशी पार्टी

आबा, आपल्या पार्टीला 'उपाशी' का म्हणतात, हे मला मागच्या महिन्यात कंपनीच्या कँटीनमध्ये एका नव्या मुलीनं समजावून सांगितलं. मराठवाड्यातून आलेली, आपल्या गावात खोली घेऊन राहते, माझ्याच लाइनवर असते. मी कोणाची मुलगी, हे तिला ठाऊक नव्हतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा विषय निघाला तशी म्हणाली, "कितीही ठेके मिळाले तरी यांचं पोट भरत नाही ना ताई, म्हणून ते नाव." सगळे हसले. मला तिचा राग आला नाही. तिनं जे पाहिलंय त्यावरून तिचा अर्थ बरोबरच होता. पण तेव्हापासून मला चैन नाही. हात मशीनवर चालू असतात आणि डोकं त्या जुन्या मांडवात फिरत राहतं.

या कंपनीसाठी गावच्या जमिनी जायच्या होत्या ते वर्ष. साहेब लोक येणार म्हणून सरपंचाच्या गटानं शाळेसमोर मांडव घालून जेवण ठेवलं. तेव्हापासून त्या गटाला मांडववाले म्हणतात. मी बायकांच्या बाजूला आईला चिकटून उभी आहे. तुमच्या पानात भात पडतो, वरण पडतं, आणि तुम्ही उठता. ज्यांची जमीन जाते त्यांच्या पोरांना कायम नोकरी देऊ असं लिहून द्या, मग जेवतो, असं आवाज न चढवता सांगता. साहेब वाटीतलं श्रीखंड खात राहतात. तुमच्यामागून तुमचे सोबतीही उठतात. घरी आईनं तवा ठेवला, तर तुम्ही तिलाही नको म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही गावभर 'उपाशी' झाला होतात.

शाळेत पोरी मला त्यावरून चिडवायच्या. एकदा रडत आले आणि पार्टी सोडा म्हणाले. तुम्ही म्हशीला वैरण टाकत होतात. माझ्याकडं न बघताच म्हणालात, "जेवलो न्हाई हे खरं हाय ना? मग लाज कसली?" पुढच्या निवडणुकीत तुम्हीच ते नाव भिंतीभिंतीवर रंगवून घेतलंत. लिहून मात्र कोणी काही दिलं नाही. तुम्ही गेलात तोवर गावातली पोरं ठेकेदाराकडं लागली होती.

आता ठेकेदार तुमचाच पुतण्या आहे, आणि पार्टीही त्याचीच. माणसं पुरवायचं काम त्याचं, कँटीन त्याचं, भंगारही त्याचंच. माझं सासर-माहेर एकाच गावात, त्यामुळं तो हक्कानं घरी आला. फ्लेक्सवर तुमचा फोटो लावायचा होता आणि सभेत मी दोन शब्द बोलायचे होते. मी त्याला नावाचा अर्थ विचारला. म्हणाला, "आक्का, नाव चालतंय. अर्थ कोण इचारतंय?"

सभेत मी मांडवातली गोष्ट जशी झाली तशी सांगितली. मग त्याच्याकडं वळून विचारलं, तुझ्याकडं राबणाऱ्या आपल्या पोरांतला एक तरी कायम झाला का. माईक बंद झाला. पुढं बसलेले तुमचे म्हातारे सोबती खाली बघत राहिले. दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या दिराला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. कँटीनमध्ये ती मुलगी मात्र मुद्दाम शेजारी येऊन बसली. सभेतलं तिच्या कानावर गेलं होतं. तिनं विचारलं, "मग ते जेवले कधी?"

हे पत्र कुठं पाठवणार? पाठवायचं असतं तर पुढचं लिहिलंही नसतं. सभेत मी तुमच्याबद्दल छातीठोक बोलले, आबा. पण तुम्ही आज असता, तर पुतण्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसला नसता, याची मला खात्री नाही. तुम्ही लवकर गेलात, हे कधीकधी मला बरं वाटतं.