सातव्या टाक्याला टक

३ फेब्रुवारी, मंगळवार

मशीनवाला मिस्त्री येऊन गेला. शिलाई मशीनला नवा पट्टा बसवला! जुना ह्यांनी तारेनं जोडलेला — तुटला की जोड, तुटला की जोड. ती तार वरच्या चाकावरून गेली की टक! सात टाके पडले की टक. वीस वर्षं हेच. मिस्त्री म्हणतो, "बाई, सहन कसं केलंत?" म्हटलं, "नवऱ्याला केलं, पट्ट्याचं काय घेऊन बसलास!" लाजला बिचारा.

आता मशीन लोण्यासारखं चालतंय. जुना पट्टा कचऱ्याच्या गाडीत.

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिच्या बँडचा कार्यक्रम शनिवारी, इथून बसनं दोन तासांवरच्या शहरात. "आलीस तर बरं वाटेल," म्हणाली. आलीस तर! आईला पाहुणी करून टाकलं.

"मग घरी येशील?" विचारलं. "बघू." दोन वर्षं झाली ह्या 'बघू'ला. ह्यांना जाऊन महिना झाला नव्हता, नि ही ड्रम वाजवत बसलेली. मी म्हटलं, "बाप गेला नि तुला डबे बडवायचं सुचतं!" त्याच दिवशी बॅग भरून गेली. माझ्या जिभेला हाड नाही.

५ फेब्रुवारी

मशीन फारच गप्प आहे. शर्टाची बाही उलटी लावली!

८ फेब्रुवारी, रविवार

काल जाऊन आले. सोबतीला शेजारची नर्स. जुनं थिएटर, खुर्च्या काढून टाकलेल्या, सगळे उभे! रखवालदारानं आमच्यासाठी दोन स्टुलं आणली. गाणारी फार देखणी, कमरेपर्यंत केस. तोंड उघडलं तर बाप्या! नर्स म्हणते, "हळू बोला हो." त्या दणदणाटात ऐकतंय कोण?

एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटांचं. मी दोनदा संपलं समजून टाळ्या पिटल्या. बाजूचा दाढीवाला म्हणाला, "आजी, अजून अर्धं बाकी आहे."

लेक मागं, ड्रमांच्या आड. कपाळ तेवढं दिसायचं. ह्यांचंच कपाळ.

शेवटचं गाणं तिनं एकटीनंच सुरू केलं, हळू. लोक टाळ्यांनी साथ द्यायला गेले — चुकले. पुन्हा धरला ठेका, पुन्हा सुटला. माझा मात्र पाय हलायला लागला. टाच, चवडा, टाच, चवडा... अगं, हे तर पायडल! नि सातव्याला तिनं ड्रमच्या कडेवर काठी मारली — टक!

पुढच्या सातव्याला मी टाळी दिली. बरोब्बर! दाढीवाला बघतच राहिला. "आजी, कसं काय जमतं?" "सातवी पास आहे मी!" हसत होते नि डोळे गळत होते. नर्सनं रुमाल दिला, अजून माझ्याकडेच आहे.

नंतर आली, घामानं निथळत. "ओळखलंस?"

"वेडे, आपला पट्टा तो."

"लहानपणी मशीनखाली झोपायचे ना मी. बाबा गेले तेव्हा हेच वाजवत होते गं. तू डबे म्हणालीस."

म्हटलं, "चुकलं माझं." हात धरला तिचा. तळहात माझ्यापेक्षा खरखरीत.

"पुढच्या रविवारी घरी येते," म्हणाली. "मशीनचा खरा आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचाय. बाबांचा पट्टा आहे ना तसाच?"

"आहे की!" — आली का पंचाईत!

९ फेब्रुवारी

मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, "होतं तसं बिघडवून दे." म्हणाला, "बाई, मी दुरुस्तीची कामं करतो." नि ठेवला!

१२ फेब्रुवारी

स्वतःच बसले. चांगला पट्टा कापला, तारेनं जोडला. सुटला. पुन्हा कापला. बोटात तार घुसली. ह्यांना कसं जमायचं? नि मी ऐकवायचे, एक काम धड नाही तुमचं! चौथ्यांदा धरला एकदाचा. पट्टा आखूड झालाय, पाय भरून येतो. पण टक वाजतंय! मोजायची हिंमत होईना.

१५ फेब्रुवारी, रविवार

आली. आल्या आल्या मशीनखाली शिरली, गुडघे पोटाशी घेऊन. मी पायडल मारलं. ती बोटांवर मोजत होती.

"आई, हे सात, सात... मग सहाला येतंय!"

सगळं सांगून टाकलं. हसता हसता डोकं आपटलं तिचं. मग माझं चिंधी बांधलेलं बोट धरून बसली. किती तरी वेळ.

म्हणाली, "थांबू नकोस, मार पायडल. हे हातात बसायला आठवडा तरी लागेल मला."