बाळूशेठच्या तोंडून निघालं, नाना

प्रिय नाना,

आज दुपारी मंडळाचा गणपती विसर्जनाला गेला. तुम्ही गेल्यापासून मी, तुमची लेक, तुमच्याशी मनातसुद्धा बोलले नव्हते. रागच होता तुमच्यावर. पण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बदनापुरात गणपतीचे देखावे करणारे काय कमी होते? थर्माकोलचे ढग लावून सगळे स्वर्ग उभा करायचे. तुम्ही म्हणायचात, "देवानं स्वर्ग पाह्यलाच हाये. त्याला आपलं बदनापूर दाखवू."

पाणी आटलं त्या वर्षी तुम्ही टँकर केला आणि मातीच्या बायांची रांग. शेजारच्या कौसाकाकू ओरडल्या होत्या, "अगं बया, ही तर मीच!" कोरोना सरला तेव्हा डोक्यावर बोचकी घेऊन पायी निघालेली माणसं केली. एक माणूस त्यांच्यापुढं उभा राहून ढसाढसा रडला. तो तसाच चालत घरी आल्ता. गावात जे घडायचं ते तुमच्या हाताखालून जायचंच!

आणि मंग आपल्या गल्लीतला रामेश्वर गेला. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये, लाल तापलेली सळई उसळून अंगावर आली. त्याला कामाला लावणारा ठेकेदार बाळूशेठ, आपल्याच मंडळाचा अध्यक्ष! चारचौघांत म्हणाला, "हा माझा माणूस न्हाई. भंगार चोरायला आत शिरला असंल."

पोरगं गेलं ते गेलं, वर चोर ठरलं. त्याची आई गयाबाई बाजारात जायची बंद झाली.

त्या वर्षी तुम्ही मिल केली. लाल बल्बची भट्टी, कूलरच्या मोटरवर सरकणाऱ्या सळया आणि तोंडाला गमजा बांधलेला रामेश्वर. गयाबाईनं त्याचा खरा सदरा आणून दिला. मातीच्या अंगावर घालून तिनं स्वतः गुंड्या लावल्या, आठवतं?

पडदा उघडायच्या आदल्या दिवशी बाळूशेठ माणसं घेऊन आला. "नाना, गणपतीपुढं हे कशाला? लोक मजा पाहायला येतात."

"लोक कसे जगून राह्यले, ते दाखवून राह्यलो," तुम्ही म्हणालात.

त्यांनी लोखंडी पाइपानं सगळं फोडलं. रामेश्वरचं डोकं नालीत पडलं. मी पाइप हिसकायला धावले, तर तुम्ही माझाच दंड धरलात. का धरलात, नाना? त्यानंतर तुम्ही मातीला हात लावला नाही, आणि दोन वर्षांत गेलात. डॉक्टरांनी काय कारण लिहिलं ते असो. तुम्हाला कुणी मारलं ते मला ठाऊक आहे.

यंदा तोच बाळूशेठ घरी आला. निवडणुकीला उभं राहायचंय त्याला. तुमच्या फोटोला हार घालून म्हणाला, "नाना म्हंजे आपल्या गावची शान. सुरेखाताई, यंदा देखावा तुम्हीच करा. गावाचा विकास दाखवा."

मी चहा ठेवला. म्हणाले, "तुमचाही पुतळा करते, शेठ. पण पडदा उघडेपर्यंत बघायचा नाही."

कसा फुलला होता! रोज फोन करायचा, "मिशी बराबर आली ना?"

बराबरच आली, नाना. पांढरे कपडे, बोटातली अंगठी, पुढं आलेलं पोट, सगळं. काल संध्याकाळी आरती झाली, मांडव खच्चून भरला आणि पडदा सरकला. भट्टीपुढं रामेश्वर उभा, आणि मागं त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत ढकलणारा बाळूशेठ.

कुणीतरी म्हणालं, "शेठ, हे तुम्हीच ना?"

मोबाइल वर झाले. पाइप घेऊन येणार कुठून, एवढ्या लोकांत? तो माझ्या अंगावर ओरडला, "खोटं हाये हे! मी तिथं नव्हतोच, मी गेटवर होतो. त्याला भट्टीवर मुकादमानं पाठवलं, मी न्हाई!"



गयाबाई पुढं आली. "म्हंजे पाठवलं होतं," ती म्हणाली. "कामावर होता माझा लेक. चोरी करायला न्हाई गेल्ता."

माणसं बाजूला झाली तसा बाळूशेठ चप्पल न घालताच निघून गेला. नाना, त्याला जाताना बघून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. तुम्ही असतात तर माझा दंड धरला असतात. म्हणून तर तुम्ही नव्हतात हे बरंच झालं, असंही क्षणभर वाटून गेलं. वाईट वाटलं ना? वाटू द्या.

आज सकाळी त्यानं निरोप धाडला, माफी मागायला येतो म्हणून. मी सांगून पाठवलं, येऊ नका. माफी मागितली की त्याला हलकं वाटेल, आणि ते मला नको आहे.

उद्या मी गयाबाईला घेऊन जालन्याला निघालेय, पोलिसांकडं आणि वकिलाकडंही. मोबाइलमधला त्याचा आवाज घेऊन. कोर्टात किती वर्षं जातील माहीत नाही, पण जितकी जातील तितके गणपती मी त्याला मातीत उभा करीन. दरसाल तो थोडा म्हातारा दिसेल, एवढाच फरक. शब्द देते.

तुमचीच, आणि तुमच्यासारखी मुळीच नसलेली,
सुरेखा