फोडलेलं खोकं

दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणूनच स्पष्ट लिहिते. मला तुझी किळस येते.

त्या लिमिटेड एडिशन बाहुल्या तू चढ्या भावाने विकतोस. दुकानात माणशी एकच मिळते, म्हणून डोकी वाढवायला तू आईला रांगेत उभं केलंस. दुखरे गुडघे धरून ती तीन तास उभी होती. तिला वाटलं, बाहुली नातीसाठीच आहे. घरी येऊन तिने हौसेने खोकं फोडलं आणि बाहुली तुझ्या लेकीच्या हातात दिली.

ती तू हिसकावून घेतलीस. "सील तोडलंस, आई! आता चौपट भाव राहू दे, कुत्रंही विचारणार नाही हिला!" आई बिचारी चिकटपट्टी शोधत बसली.

शेण मीही खाल्लं. रांगेत तिच्या मागे मीच होते. माझी बाहुली मुकाट्याने तुला दिली आणि बदल्यात तू दिलेले बूट आजही घालते.

काल आईसाठी स्वेटर आणला. तिने खोक्याला हातही लावला नाही. म्हणाली, "बंदच राहू दे गं. उघडलं की किंमत जाते ना?"

रांगेतली दुसरी,
तुझी धाकटी बहीण