एका खोक्यात बारा, नऊ आणि पाच

आबा, मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून उठतोय, बसतोय, माठातलं पाणी पितोय, परत उठतोय. पोरगी आतल्या खोलीत दार लावून कामाला बसली आहे, तिची आई दळण आणायला गेली आहे, आणि मला कोणाशी तरी बोलायचं आहे. बोलायला माणसं नाहीत असं नाही. वाळूजच्या कारखान्यातले जुने सोबती रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर जमतात, पण त्यांच्यापुढं घरातली गोष्ट काढली की दिवेलागणीपर्यंत ती सगळ्या कॉलनीची होते. तुम्हाला सांगितलेलं कुठं जाणार नाही. आणि तुम्ही होतात तेव्हा तरी मी कुठं काय बोललो तुमच्याशी? वैजापूरच्या त्या दुकानात तुम्ही उघडलेल्या रेडिओत डोकं घालून बसायचात, मी स्क्रू धरलेली मूठ पुढं करून उभा राहायचो, एवढंच आपलं बोलणं. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मला बोलायची हुक्की आली आहे, तर कागदावर का होईना, ऐका.

तुमची नात परत आली आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही. ती जन्मली तेव्हा तुमचा फोटो भिंतीवर लागलेला होता. ती एका कंपनीसाठी घरून काम करते, दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकते आणि त्यांना शांत करते. नाशिकला तिच्या सासरी तिचा पगार कोणाला नको होता असं नाही, पण जावयाचं डोकं फिरलं की तो तिची शिफ्ट चालू असताना राउटरचं बटण बंद करायचा. राउटर म्हणजे घरात इंटरनेट पुरवणारी डबी. ती समोरच्याशी बोलत असायची आणि आवाज मध्येच तुटायचा; मग वरचा साहेब तिलाच झापायचा. ‘हात कधी उगारला नाही हं त्यानं,’ असं त्यांच्याकडचे सगळे सांगतात, जणू त्याबद्दल त्याचा सत्कारच करायचा राहून गेलाय. एक दिवस तिनं लॅपटॉप, फोन आणि सगळ्या वायरी एका कापडी पिशवीत कोंबल्या आणि बस धरली.

इथं आल्यावर तिचा जीव थाऱ्यावर येईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. आपल्याकडं बाहेरून येणाऱ्या केबलच्या डबीला बारा व्होल्ट लागतात, राउटरला नऊ, तिच्या टेबलावरच्या फोनला आणि दिव्याला पाच. प्रत्येकाचा अ‍ॅडॅप्टर वेगळा, आणि एकेक अ‍ॅडॅप्टर वांग्याएवढा. एका बोर्डावर ते दाटीवाटीनं बसवले की एकाला दाबलं तर शेजारचा सुटतो. एकदा बायकोनं मिक्सर लावायला नेमका नको तो उपटला. त्यात वीज येते-जाते. तिचा फोन तुटत राहिला. ‘बाबा, आता परत कट झाला तर ते म्हणतील, घरून जमत नसेल तर राहू द्या,’ ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं, आणि तेच मला सोसलं नाही. हे काम गेलं तर परत जाणार नाही म्हणायला तिच्या पायाखाली काही उरत नव्हतं. तिला ते कळत होतं आणि मलाही.

म्हणून मी खोका करायला घेतला. सगळे अ‍ॅडॅप्टर हद्दपार, एकाच खोक्यातून बारा, नऊ आणि पाच व्होल्ट, आणि आत बॅटरी, म्हणजे वीज गेली तरी काही बंद पडणार नाही. बाजारात असलं तयार मिळतं हे मलाही माहीत आहे. सिटी चौकाजवळचा, सुटे भाग विकणारा पार्टवाला हेच म्हणाला, ‘कायकू इत्ता झंझट, साब? रेडीमेड लेलो ना.’ मी म्हणालो, नक्को, मला बनवायचंच आहे. त्यानं माझ्याकडं जरा निरखून बघितलं, म्हणाला, ‘घर में कुछ हुआ दिखता,’ आणि खण उघडायला लागला. त्याचं खोटं नव्हतं. हात रिकामे राहिले असते तर मी नाशिकला जाऊन काय करून बसलो असतो, किंवा इथंच बसून काय करायचं टाळलं असतं, कोणास ठाऊक.

माळ्यावरच्या जुन्या स्टॅबिलायझरचं पोट रिकामं केलं आणि त्यात संसार मांडला. पहिल्या खेपेला पाच व्होल्टची बाजू जुन्या पद्धतीनं केली, बाराचे पाच करायचे आणि वरचे सात नुसते तापून जाऊ द्यायचे. हात ठेवला आणि चटका बसून मागं घेतला. दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रावर तुम्ही असाच तळवा ठेवायचात, ‘हात टिकला तर माल टिकला’ म्हणायचात. माझा टिकला नाही. ते सगळं उखडलं, नव्या तऱ्हेची चिमुकली पट्टी आणून बसवली, आता तिथं हाताला कोमटसुद्धा लागत नाही. तीन व्होल्टेजना तीन निराळ्या तऱ्हेच्या खाचा केल्या, चुकीची पिन जाऊच नये म्हणून. कारण आधी सगळ्या पिना सारख्याच, आणि नवाच्या राउटरमध्ये बाराची गेली की खेळ खलास. पत्रा कापताना, भोकं पाडताना घरभर कीस झाला. बायको केरसुणी घेऊन मागं मागं. ‘तीन भोकांसाठी आठवडा झाला घर पसरलंय. आपल्या लग्नाला एवढी तयारी नव्हती,’ म्हणाली. मग केरसुणी टेकवून, ‘रविवारी नाशिकचे लोक बैठकीला येतायत. तुम्ही काय बोलणार ते ठरवलं का?’ मी म्हणालो, आधी हे होऊ दे.

या सगळ्यात तुम्ही सारखे आठवत होता, आबा, आणि प्रेमानंच असं नाही. राग येत होता. आपली थोरली अक्काही सासरहून अशीच निघून आली होती. दुकानामागच्या स्वयंपाकघरात ती भिंतीला टेकून बसली आहे, आई भाकरी थापते आहे आणि काही विचारत नाही, आणि तुम्ही पुढं दुकानात बसून एलिमिनेटर, म्हणजे सेलांशिवाय विजेवर रेडिओ चालवायची पेटी, बनवताय. कोणी गिऱ्हाईक आलं तर ‘उद्या या’ म्हणताय. पत्र्याच्या पेटीवर गोल बटण बसवलंत, त्याच्याभोवती तीन, साडेचार, सहा, नऊ असे आकडे बारीक कुंचल्यानं रंगवलेत. तुमच्या हातून त्याहून देखणी वस्तू दुसरी झाली नसेल. मग सोयगावहून तिच्या सासरचे आले, बैठक झाली, आणि तुम्ही म्हणालात, ‘पोरगी तापट हाय जरा आमची. सांभाळून घ्या.’ एवढंच. अक्का बसमध्ये बसली तेव्हा तुम्ही खिडकीतून ती पेटी तिच्या मांडीवर ठेवलीत. ‘याच्यावर रेडिओ लाव. सेलांसाठी कोणाच्या तोंडाकडं बघायला नको,’ म्हणालात आणि मागं न बघता दुकानात गेलात. मी तिथंच उभा होतो. तेव्हा मला वाटलं होतं, काय माया आहे या माणसाला. आता वाटतं, लेकीला दोन हात जागा द्यायची, ती सोडून तुम्ही तिला विजेची पेटी दिलीत. आणि हे वाटलं की माझ्या हातातली पक्कड थांबायची. कारण मीही इथं पेटीच करत बसलो होतो आणि रविवार जवळ येत होता.

शेवटी न राहवून अक्काला फोन लावला. ती आता सुना-नातवंडांत आहे, ऐकायला जरा कमी येतं, पण बोलते ठणठणीत. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, ‘अक्का, आबांवर राग हाय का गं तुझा?’

‘राग कशाला? त्यायला सुचलं ते त्यायनं केलं. रेडिओ लई ऐकला म्या. समदे निजले की उशाला घिऊन ऐकायची.’ मग तिनं अंगणातल्या कोंबड्यांना हाकललं. आणि म्हणाली, ‘तुझ्या पोरीला तू रेडिओ दिऊ नको बरं का, भाऊ.’

रविवारी ते आले. जावई, त्याचे मामा आणि दोन्हीकडच्या ओळखीतले एक वयस्कर मध्यस्थ. पोहे झाले, चहा झाला, कांद्याच्या भावावर बोलून झालं. पोरीची सुट्टी मंगळवारची, त्यामुळे ती आत शिफ्टला बसलेली. मामांनी बशी खाली ठेवली. ‘झालं गेलं गंगेला मिळालं. माणूस म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. आम्ही गाडी घेऊनच आलोय, पोरीला बॅग भरायला सांगा.’ मध्यस्थांनी मान हलवली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं बघत होती. मी आठवडाभर मनात घोकलेलं सगळं विसरलो. आणि वीज गेली.

पंखा घरघरत थांबला. उन्हाळ्याची दुपार, कोणी रुमाल काढला, कोणी वर्तमानपत्रानं वारा घ्यायला लागलं. त्या शांततेत आतून तिचा आवाज आला, अगदी सावकाश, न चुकता. ‘जी मॅडम, मैं सुन रही हूँ. आपकी कंप्लेंट मैंने लिख ली है.’ जावयानं झटकन दाराकडं बघितलं. वीज गेल्यावर काय व्हायला हवं होतं हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, ‘हाक मारा तिला. पाच मिनिटांचं तर काम आहे.’

मी म्हणालो, ‘ती कामावर आहे. सुटली की येईल.’

मामा मध्यस्थांकडं बघायला लागले. मुलगी आत रडत बसलेली असते, नाहीतर दाराआड उभी असते. कामावर असते असं त्यांनी कुठल्या बैठकीत ऐकलं नव्हतं. मग सगळे तसेच घाम पुसत बसून राहिले. बायकोनं परत चहा टाकला. शिफ्ट संपल्यावर ती बाहेर आली, तांब्याभर पाणी प्याली, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि जावयाकडं बघून म्हणाली, ‘मी येणार नाही. स्वयंपाक झालाय, जेवून जा सगळे.’ मामांनी माझ्याकडं वळून विचारलं, ‘व्याही, तुमचं काय म्हणणं?’ मी म्हणालो, तिनं सांगितलं ना. ते जेवले नाहीत. गाडी रिकामीच गेली.

त्या दिवसापासून मी या घरातला मोठा माणूस झालोय. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला खोका दाखवते. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, बाप असावा तर असा. पोरीनं एकदा नुसतं ‘बाबा, तुमच्यामुळं,’ म्हटलं आणि परत कामाला बसली. तिचं काम टिकलंय, आता कायम करणार म्हणतात. सगळं नीट आहे. आणि मी उठतोय, बसतोय, पाणी पितोय.

हे कोणाला सांगता येत नाही म्हणून तुम्हाला लिहितोय, आणि बायको दळण घेऊन यायच्या आत कागद फाडणार आहे. पंखा थांबला तेव्हा मी आतल्या दाराकडं कान लावला, तो खोका चालतोय का ते ऐकायला नव्हे. खोका बंद पडावा असं मला वाटलं, आबा. आत एकदम शांत व्हावं, तिचं काम जावं, आणि ती आपणहून बॅग भरून गाडीत बसावी. म्हणजे मला काही बोलायला नको. मग तिचा आवाज आला, आणि त्याच्या जोरावर मी बोललो. लोक माझ्या त्या वाक्याचं कौतुक करतात. आवाज आला नसता तर मी गप्प बसलो असतो, हे माझ्याशिवाय फक्त तुम्हालाच पटेल.